वेदगंगेची ओटी

बेळगावहून सुटलेली बस तवंदीचा घाट उतरू लागली की प्रियदर्शनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढायची आणि खिडकीच्या काचेत बघून कपाळावर एक टिकली लावायची. संध्याकाळी परतताना त्याच घाटात ती काढून पुन्हा पाकिटाला चिकटवायची. दोन पावसाळे हे असंच चाललं होतं.

तिचा नवरा नागेंद्र जाऊन तीन वर्षं झाली होती. बेळगावच्या घरात ती एकटीच राहायची. पण निपाणीजवळच्या वेदगंगेकाठच्या त्या गावात नागेंद्र अजून जिवंत होता. पहिल्याच बैठकीत पंचायत सदस्य मारुतीरावांच्या बायकोनं, मालुबाईनं, तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघत विचारलं होतं, "मालक कुठं असत्यात?" प्रियदर्शनीच्या तोंडून निघून गेलं, "बेळगावातच असतात." तेव्हापासून दर खेपेला मालुबाई विचारायची, साहेब बरे हायत का, जेवणखाण वेळेवर करत्यात का. प्रियदर्शनी हो म्हणायची. खरं सांगायचं तर ते उत्तर देताना तिला घटकाभर बरंही वाटायचं. नागेंद्रची एवढी चौकशी जगात आणखी कुणी करत नव्हतं.

नदीकाठ सावरण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेची ती या भागातली प्रमुख होती. शाळेतल्या मुलांना ती परातीत वाळू पसरून दाखवायची. मधोमध बोटानं नदी काढायची, दोन्ही कडांना मातीचे बांध घालायचे, बांधापलीकडं काड्यापेट्यांची घरं मांडायची आणि तांब्यानं पाणी ओतायचं. बांध फुटायचे, घरं वाहून जायची. मग वरच्या अंगाचा एक बांध काढून पुन्हा ओतायचं. या वेळी पाणी मोकळ्या वाळूत पसरायचं आणि घरांपाशी येईपर्यंत त्याचा जोर सरलेला असायचा. मुलांना हे पाच मिनिटांत कळायचं. मोठ्यांना दोन वर्षं लागली. अखेर अकरा शेतकऱ्यांनी काठावरचा ऊस काढला, बांध फोडले आणि तिथं पाण्यात तगणारी वाळुंजाची झाडं आणि बांबू लावू दिले.

राहिली होती ती पाण्यावर नजर ठेवण्याची सोय. पूर नदीच्या घाटावरून यायच्या आधी गावामागच्या नाल्यातून उलटा चढतो, म्हणून संस्थेनं नाल्यात रंगीत पट्ट्यांचा खांब रोवला होता. पिवळी पट्टी बुडू लागली की शिट्टी वाजवून मागची गल्ली रिकामी करायची, असं ठरलं होतं. तो शालूबाईच्या परसदारापासून वीस पावलांवर होता. शालूबाईचा नवरा भरमा पूर्वी नाव चालवायचा. पाणी कुठून शिरतं आणि किती वेळात चढतं, हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती विधवा होती.

नदी घाटाच्या सातव्या पायरीला लागली की गावच्या सवाष्णी तिची ओटी भरायच्या. त्या दिवशी विधवेनं भरल्या नदीला तोंड दाखवायचं नाही, दार लावून आत बसायचं, असा तिथला रिवाज. मोठ्या पुराच्या साली ओटीच्याच दिवशी शालूबाईनं परसातून नाला चढताना पाहिला आणि ती सांगायला घाटाकडं धावली. बायकांनी तिला पिंपळापाशीच अडवलं. ती काय सांगते आहे हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. तासाभरात पाणी मागच्या गल्लीत शिरलं आणि अंथरुणाला खिळलेली मालुबाईची सासू, गुणाबाई, घरातच बुडून गेली. त्यानंतर गाव म्हणालं, रांडमुंड बाई नदीला आडवी गेली म्हणून पूर आला. तेव्हापासून शालूबाईच्या उंबऱ्याला कुणाचा पाय लागला नव्हता.

खांबाची राखण तिच्याकडं द्यावी असं प्रियदर्शनीनं एकदाच सुचवलं होतं. मारुतीराव हसून म्हणाले होते, म्याडम, झाडं लावा, माणसांच्यात कशाला पडतासा. जमिनीची संमती मोडेल या भीतीनं ती गप्प बसली. राखण मालुबाईकडं गेली.

यंदा सातवी पायरी बुडाली त्या दुपारी घाटावर ओटीचं ताट आलं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. नदीला जागा करून दिली म्हणून पहिला मान प्रियदर्शनीचा, असं बायकांनी ठरवलं होतं. तिचं लक्ष मात्र नाल्याच्या दिशेला होतं.

"खांबाजवळ कोण आहे?" तिनं विचारलं.

"कोण असणार? आज आमी समद्या हितं," मालुबाई म्हणाली. "एवढी ओटी भरून घ्या, मग जातो की."

"मग शालूबाईंना बघायला सांगायचं होतं."

"तिचं दार लावलंय. आजचा दिस तिचा न्हाय, म्याडम." आणि मालुबाईनं कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडं नेलं.

प्रियदर्शनीनं तिचा हात अलगद धरला. दुसऱ्या हातानं स्वतःची टिकली काढली.

"माझे मालक नाहीत, मालुबाई. तीन वर्षं झाली."

हे वाक्य ती मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होती. या गावातला नागेंद्रही आता गेला.

"मग इतके दिस खोटं बोललासा व्हय?"

"बोलले. भ्याले होते. तुमच्या सासूबाईंच्या वेळी खरं बोलायला एक बाई धावत आली होती. तिचं काय झालं ते मी ऐकलं होतं."

तिच्या वाटेतल्या बायका पदर सावरून बाजूला झाल्या. ती एकटीच नाल्याकडं चालत गेली आणि शालूबाईचं दार वाजवलं.

शालूबाईनं तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. दोघी परसात गेल्या. खांबाची पांढरी पट्टी बुडाली होती, पिवळी निम्मी उरली होती.

"सकाळधरनं बघतोय मी, फटीतनं," शालूबाई म्हणाली. "सांगू कुणाला?"

प्रियदर्शनीनं पर्समधली इशाऱ्याची शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. शालूबाईनं ती फुंकली. घाटावर कुणी हललं नाही. ती पुन्हा फुंकत राहिली. मग मालुबाईनं ताट पायरीवर ठेवलं आणि ती मागच्या गल्लीकडं पळाली. तिच्या पाठोपाठ बाकीच्याही निघाल्या. म्हातारी माणसं शाळेत नेली, जनावरं दावी सोडून माळाकडं हाकलली. पाणी ऊस काढून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पसरलं. गल्लीत आलं ते घोट्याएवढंच.

त्या दिवशी माणूस दगावलं नाही, जनावरही नाही. पण कुणी शालूबाईपाशी येऊन दोन शब्द बोललं नाही. प्रियदर्शनीला फाट्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. जमिनीच्या संमतीवर पुन्हा बैठक बसवू, असा मारुतीरावांचा निरोप तेवढा आला. बैठकीत काय मांडायचं ते तिचं बसमध्येच ठरलं. खांबाच्या राखणीला शालूबाईचं नाव पहिलं, जमीन त्यानंतर.

तवंदीच्या घाटात तिचा हात सवयीनं कपाळाकडं गेला. तिथं काढायला काही नव्हतं. साहेबांना इचारलं म्हणून सांगा, असं आज कुणी म्हणालं नव्हतं. यापुढं म्हणणारही नव्हतं.

फोन वाजला.

"म्याडम, मी शालू. पाणी दोन बोटं उतरलंय. पिवळी पट्टी परत दिसाय लागली."

"बरं झालं. तासाभरानं पुन्हा सांगा."

"सांगतो. आणि तुमी? घरी जाऊन जेवणार न्हवं?"