छत्रीवाल्याची गाठ

"आलं का, काकू?"

"आलं… आलं… गेलं!"

होडीच्या मागच्या टोकाला उकिडवा बसलेला छत्रीवाला स्वतःशीच हसला. तीस वर्षं तो लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसवत होता आणि तीस वर्षं खालून हेच दोन शब्द ऐकत होता. पण आजवर कुठली गच्ची त्याच्या पायाखाली हलली नव्हती. इथे मास्तर दोन पावलं चालले की होडी कलायची, छत्रीचं तोंड आकाशातल्या ठरलेल्या जागेवरून बोटभर सरकायचं आणि आत काकूंच्या पडद्यावर माणसांचे चौकोनी तुकडे व्हायचे.

मास्तर म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर. दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारता मारता चाळीस वर्षं त्यांनी एकच स्वप्न पाहिलं होतं, शिडाच्या होडीत राहायचं. पेन्शन सुरू झाली तशी त्यांनी घर विकून होडी घेतली. पोहता बेताचंच यायचं, पण हौसेला मोल नाही म्हणतात. वर्षातून दोनदा शीड उघडून बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं आणि बाकीचे दिवस धक्क्याला बांधलेल्या होडीत बसून समुद्राच्या गप्पा मारायच्या, असा त्यांचा प्रवास. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. केबिनच्या चार पायऱ्या चढायच्या म्हणजे त्यांना डोंगर. अख्ख्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकच अट घातली होती. होडीत येते, पण माझी मालिका मला दिसली पाहिजे.

होड्यांसाठी खास छत्री मिळते. पांढऱ्या घुमटात बसलेली, होडी डुलली की आपोआप वळून आपली जागा धरून ठेवणारी. तिची किंमत ऐकून मास्तर मटकन खाली बसले होते.

"नाकापेक्षा मोती जड," छत्रीवाला म्हणाला होता. "मी घराचीच छत्री बसवून देतो. होडी हलली नाही म्हणजे झालं."

धक्क्यावर खांब ठोकायला बंदराच्या ऑफिसची मनाई होती. म्हणजे छत्री होडीवरच बसवायची. मग होडीलाच हलू द्यायचं नाही, असं त्याने सरळ ठरवलं. होडी धक्क्याला बांधायचे चारही दोर ताकदीने ओढले आणि प्रत्येकाला आपली गाठ मारली. ही गाठ त्याच्या उस्तादाने शिकवलेली. वारा जितका ओढेल तितकी ती स्वतःलाच आवळत जाते. तीस वर्षांत त्याचा एकही खांब कुठल्या गच्चीवरून पडला नव्हता, आणि हे तो कुणी विचारो न विचारो, सांगायचाच.

धक्क्याचा वॉचमन मघापासून बघत उभा होता. हा पूर्वीचा खलाशी.

"होडी बांधतात हो, जखडत नाहीत," तो म्हणाला. "पाणी वर आलं तर ती बिचारी जाणार कुठे?"

"इथे बांधाच्या आत भरतीचं पाणी चढून चढून चढतं किती? वीतभर. तेवढी जागा ठेवलीय मी."

"आणि ही गाठ? ओढ बसल्यावर सुटायची का ती?"

"अहो, सुटू नये म्हणूनच तर गाठ मारतात!"

मास्तर खो खो हसले. वॉचमन हसला नाही. त्याने एका गाठीत अंगठा घालून पाहिला, तो आत शिरेना, तसा तो मान हलवत निघून गेला.

"आलं!" आतून काकू ओरडल्या. "आणि गेलं नाही!"

चहा झाला. काकूंचा चेहरा नुसता फुलला होता. "अजून हे वर चालले की थोडंसं तुटतंय बघा," त्या म्हणाल्या. "असू द्या. बसल्या जागी कळतं, स्वारी कुठे आहे ते. जास्त तुटलं की समजायचं, पुढच्या टोकाला उभे राहून समुद्र बघतायत."

छत्रीवाला हत्यारांची पिशवी उचलून धक्क्यावर आला. मागे दोर एकदा करकरला. त्याने वळून पाहिलं. होडी अगदी गप्प उभी होती. बाकीच्या सगळ्या होड्या पाण्यावर हळूहळू डुलत होत्या आणि ही एकटीच डुलत नव्हती. त्याला उगीचच कसंतरी वाटलं, पण पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि ते तिथेच राहिलं.

तिसऱ्या महिन्यात वादळाची बातमी आली. सकाळपासून आकाश पितळेच्या जुन्या भांड्यासारखं दिसत होतं आणि वारा मुळीच नव्हता. छत्रीवाल्याला मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सगळ्या गावाला आपापल्या छत्र्या एकाच दिवशी आठवल्या होत्या. कुणाची उतरवायची, कुणाची बांधायची. दुपारी बाराच्या सुमाराला तो पाचव्या गच्चीवर खांबाला दोर बांधत होता. गाठ मारून त्याने सवयीने दोराला हिसका दिला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

गच्ची वर येत नाही. पाणी येतं.

त्याने तिथूनच फोन लावला.

"मास्तर, दोर सैल करा. लगेच."

"अहो, चित्र काय फर्स्टक्लास येतंय! बातम्यांत सांगतायत, वादळ उत्तरेला वळणार म्हणून."

"वळू दे नाहीतर न वळू दे. आधी त्या गाठी सोडा. ओढ बसली की सुटायच्या नाहीत."

मागून काकूंचा आवाज आला. "आत्ता नका हो सोडू! कालचा भाग परत दाखवतायत. काल मी झोपून गेले होते."

"ऐकलंत?" मास्तर हसत म्हणाले. "सरकारी हुकूम आहे. भाग संपला की सोडतो. अर्धा तास."

त्याच क्षणी त्याने जायला हवं होतं. धक्का स्कूटरवर दहा मिनिटांवर. पण गिऱ्हाईक जिन्यात उभं होतं, आणखी दोन गच्च्या कबूल केल्या होत्या, आणि मास्तर सोडतो म्हणाले होते ना? माणसाला न जायचं असलं की कारणं हात जोडून समोर उभी राहतात. त्याने दोन्ही गच्च्या केल्या. दुसऱ्या गच्चीवर असताना वारा सुटला, एकदम, कुणी दार उघडावं तसा.

तो धक्क्यावर पोचला तेव्हा तीन वाजले होते. पाणी धक्क्याच्या काठाला लागलं होतं. बाकीच्या होड्या उंच आल्या होत्या, एकमेकींवर आदळत होत्या, पण तरंगत होत्या. मास्तरांची होडी वर आलीच नव्हती. चार दोरांनी तिला खाली दाबून धरलं होतं. प्रत्येक लाट सरळ डेकवर चढून केबिनच्या दारातून आत जात होती. मागच्या टोकाला छत्री मात्र सरळ उभी होती.

मास्तर गुडघाभर पाण्यात, गाठीशी झटत होते. बोटं सोलून निघाली होती.

"सुटत नाही हो!" त्याला बघताच ते ओरडले. "अर्ध्या तासापासून बघतोय!"

"सुटणार नाही! कापा! पण आधी काकू!"

धावत आलेला वॉचमन आणि तो केबिनमध्ये उतरले. काकू बाकावर उभ्या होत्या, भिंतीला धरून, कमरेपर्यंत भिजलेल्या. दोघांनी मिळून त्यांना कसंबसं वर काढलं, धक्क्यावर ठेवलं. मास्तरांनी तोवर भाजीची सुरी आणली होती. पुढचे दोन दोर त्यांनी कापले आणि होडीचं तोंड एकदम वर आलं. आता सगळा भार मागच्या दोन दोरांवर.

"मास्तर, या बाहेर! जाऊ दे ती होडी!"

"दोनच राहिलेत!"

ते मागे गेले, वाकले. सुरी लागायच्या आत, दोर जिला बांधला होता ती लाकडातली खुंटीच मुळासकट उपटून आली आणि दोरासकट उडाली. ती मास्तरांना कुठे लागली ते कुणाला दिसलं नाही. ते ओरडलेही नाहीत. लाट आली, गेली, आणि मागच्या टोकाला फक्त छत्री उरली. वॉचमनने दोनदा पाण्यात उडी घेतली, छत्रीवाल्याने त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरला. मास्तर दुसऱ्या दिवशी सापडले.

बंदराच्या ऑफिसात कारकुनाने जबाब लिहून घेतले. दोर जुना असल्याने अपघात, असं त्याने लिहिलं.

"दोर नवा होता," छत्रीवाला म्हणाला. "गाठ चुकीची होती. माझी होती. तसं लिहा."

"तुम्ही कोण? छत्रीवाले ना? मग दोराचं तुम्हाला कुणी विचारलंय?" कारकुनाने कागद उलटा केला. "सही करा."

महिन्याभराने काकूंचा फोन आला. त्या धाकट्या बहिणीकडे राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर. बुडालेल्या होडीवरून त्याने उतरवून आणलेली छत्री अजून त्याच्या दुकानात होती. त्याने तिचं मीठ धुऊन काढलं, नवे बोल्ट घातले आणि बाल्कनीत बसवून दिली. दहा मिनिटांचं काम. दोर लागला नाही.

चित्र आलं. काकू बघत बसल्या. तो पिशवी आवरत राहिला, मग आवरायला काही उरलं नाही.

"काकू, ती गाठ माझी होती."

"माहीत आहे." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आणि आत्ता नका सोडू म्हणणारी मी होते. तुम्हाला निदान कुणाला तरी सांगता तरी येतं."

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी रागावत होतं.

"हलत नाही हो हे," काकू म्हणाल्या.

"इमारत आहे, काकू. नाही हलायचं आता."

"हो, तेच." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "जरा त्या खांबाला हात लावता? हळूच."

तो बाल्कनीत गेला. खांबाला तळवा टेकवला आणि बोटभर रेटला, एक माणूस डेकवरून पुढच्या टोकाला चालत जाईल तेवढा. आत आवाज तुटला, चित्राचे चौकोन झाले.

'आलं का' असं त्याने विचारलं नाही. आतूनही कुणी काही सांगितलं नाही. तो तसाच हात टेकवून उभा राहिला.