दोब्रिलाच्या खिडकीवरची करकरणारी कप्पी

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी आहे आणि मी करकरते, हे आधीच सांगून टाकते. समुद्राकाठच्या स्प्लिट शहरातल्या एका अरुंद दगडी गल्लीत, दोब्रिलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर मी टांगलेली आहे. समोर पेरिनाकाकूंच्या भिंतीवर माझी जोडीदारीण. आम्हा दोघींवरून एकच दोरी फिरते आणि तिच्यावर दोन्ही घरांचे कपडे वाळतात. दोब्रिलाच्या सासऱ्यांनी जहाजाच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या लोखंडातून मला घडवलं. दोब्रिला हात उंच करून दोरी ओढायची आणि चादरी गल्लीवर डुलत जायच्या. माझं कौतुक कोणी केलं नाही. दुपारी झोपणाऱ्यांनी शिव्या मात्र पोटभर दिल्या.

मग दोब्रिलाच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर होता. शस्त्रक्रिया चांगली झाली. खांदा आखडू नये म्हणून त्या बाजूचा, उजवा हात रोज थोडा थोडा वर न्यायचा, असं नर्सनं बजावलं होतं. दोब्रिलानं मान डोलावली आणि घरी येऊन हात शालीत बांधून टाकला. हा आजार झोपलेला असतो, हलवलं की जागा होतो, असं तिची आई सांगायची, आणि ते तिच्या मनात घट्ट बसलेलं. बिचारी आळशी नव्हती. हात जपणं म्हणजेच जीव जपणं, असं तिला वाटे. नवरा श्पिरो घरातच शेगडीजवळ कपडे वाळवू लागला. सगळा हिवाळा समुद्रावरून दमट वारा आला आणि मी जागच्या जागी गंजले.

वसंतात इस्पितळानं तिला किरणांच्या उपचाराला बोलावलं आणि तसंच परत पाठवलं. हात डोक्यावर जाईना, आणि तो गेल्याशिवाय उपचार होईना. उशीर तर परवडणारा नव्हता. श्पिरो माशांचं कालवण ढवळत राहिला. दोब्रिला खिडकीशी येऊन रडली. मला फार वाईट वाटलं, पण कप्पी काय करणार?

समोरून पेरिनाकाकूंनी काय झालं ते विचारलं. दोब्रिलानं सगळं सांगितलं, आईचं म्हणणंसुद्धा. काकूंनी दोरीला हिसका दिला. मी हलले नाही.

"ही कप्पी कशानं अडली गं? फिरून फिरून?"

"नाही. पडून राहून."

"मग तुझा खांदा काय वेगळा आहे? मी रुमाल लावते, तू ओढ. दुखलं की थांब."

"आणि तो जागा झाला तर, काकू?"

"झाला तर मी आहे ना समोर. ओढ."

त्या दिवशी रुमाल वीतभर सरकला. मी अशी किंचाळले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पुढे मोजे आले, पोलकी आली. नर्सनं खांदा तपासला आणि असंच चालू दे म्हणाली. उन्हाळ्याच्या तोंडावर चेरी बाजारात आल्या तेव्हा दोब्रिलाचा हात माझ्यापर्यंत पोचला. उपचार झाले, पूर्ण झाले. हुश्श!

परवा श्पिरो तेलाची बुधली घेऊन आला. दोब्रिलानं त्याचा हात धरला.

"राहू दे रे. गल्लीला ऐकू दे."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात कोणी आजारातून उठलं, तर त्याला नुसतं जपून राहा म्हणू नका. त्याला कशाची भीती वाटते, ते आधी विचारा.

आता भर दुपारी मी करकरले, तरी कोणी शिव्या देत नाही. दोब्रिलाचा हात चालतोय, हे ओळखून लोक कूस बदलतात आणि निवांत झोपतात.