बारा जणांच्या बाई

सरकारने शाळेत एका जादा बाईंना खास बारा मुलांसाठी नेमलं होतं. घरी शिकवणारं कोणी नाही, शिकवणी परवडत नाही आणि चौथीत येऊनही वाचता येत नाही, अशी ही मुलं. मुख्याध्यापिकेने बाईंना दिलं कुठे, तर शिष्यवृत्तीच्या वर्गाला. हुशार पोरांचे फोटो फाटकावर लागतात ना! अडखळणाऱ्याचा फोटो कोण लावतो?

शाळेतल्या फरश्या पुसणाऱ्या मावशीला हे रोज दिसायचं. तिची लेक त्या बारा जणांतलीच. वर्षातून दोनदा बारा जणांना बाईंसमोर बसवायचं, हातात नवी पुस्तकं द्यायची, सरकारला दाखवायला फोटो काढायचा, पुस्तकं काढून घ्यायची. पहिल्या खेपेला लेक नाचतच घरी आली होती, "आई, आम्हाला वेगळ्या बाई मिळाल्या!" दुसऱ्या दिवशी पोर दप्तर घेऊन बाईंच्या वर्गाबाहेर तासभर उभी राहिली, कोणी आत घेतलं नाही. ते आठवलं की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. महिन्यावर वाचनाची परीक्षा आली होती, नापास झाली की पोरीचं वर्ष बुडणार होतं.

अशात तपासणीचे साहेब आले. शिपायाने मावशीला हाक मारली, "सहीला बोलावलंय." ओले हात पदराला पुसत ती कार्यालयात गेली. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या पाल्याला वर्षभर जादा तास मिळाले.' खाली अकरा सह्या झालेल्या.

"करा पटकन, मावशी," मुख्याध्यापिका गोड हसल्या. "साहेबांना घाई आहे."

मावशीने पेन उचललंच नाही. तडक वर्गात गेली, लेकीला हाताला धरून घेऊन आली आणि तो कागद तिच्यापुढे धरला.

"वाच गं. मी कशावर सही करायची ते साहेबांना ऐकू दे."

"माझ्या..." लेक म्हणाली. "पा... पा..." पुढे काही केल्या जमेना. साहेब घड्याळ बघू लागले.

"घाबरलीय हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एरवी छान वाचते."

"एरवी म्हणजे कधी?" मावशी कडाडली. "फोटो काढताना?"

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं. मावशीला जेमतेम का होईना, वाचता येत होतं. 'एका पालकाचे सहकार्य नाही.' बस्स, एवढंच!

बाहेर येताच लेकीने हात हिसडला. डोळे भरलेले. "मला येत नाही हे तुला माहीत होतं ना? मग सगळ्यांसमोर का वाचायला लावलंस?"

राग मुख्याध्यापिकेवर आणि साहेबांवर, आणि मान खाली गेली ती पोरीची. मावशीला स्वतःचीच चीड आली. लेकीला पोटाशी धरून ती म्हणाली, "चुकलं माझं. परत असं करणार नाही."

मग तिला घेऊन ती शिष्यवृत्तीच्या वर्गात शिरली आणि पहिल्या बाकावर जागा करून तिला बसवलं. फळ्यापाशी बाई खडू धरून थबकल्या.

"शिकवा," मावशी म्हणाली. "हिच्या बाई आहात तुम्ही. मी इथेच उभी आहे."