पत्रकातली शेवटून दुसरी ओळ

सकाळपासून अध्यक्ष घरभर येरझारा घालत होते. ते व्यापारी संघाचे अध्यक्ष, पण घरातही सगळे त्यांना अध्यक्षच म्हणायचे. बायकोसुद्धा, अर्थात पाठीमागे. रविवारी धाकट्या मुलीचं लग्न होतं. बँड नाही, जेवणावळी नाहीत. वाचलेल्या खर्चातून तिच्याच शाळेला पुस्तकांची कपाटं देणार होते. ही बातमी पेपरात यायलाच हवी होती, आणि ते काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं. ती एका रुग्णालयात प्रसिद्धीपत्रकं लिहायची.

"लिही," अध्यक्ष म्हणाले. "थोर समाजसेवक, दानशूर..."

"बाबा, हे सगळं पेपरवाले कापतात. पहिल्याच वाक्यात बातमी लागते. कोण, काय, कधी, कुठे. सगळ्यात मोठी गोष्ट आधी. पुढे वाचायला त्यांना सवड नसते."

"मग कपाटं आधी घे."

तिनं कपाटं आधी घेतली. मग अध्यक्षांचे चार शब्द, अवतरणचिन्हांत. मग नवरदेव आणि त्याचा कारखाना. तळाशी संपर्कासाठी नंबर. पत्रक झकास उतरलं होतं आणि तिला ते बघवत नव्हतं. ती उठली, खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"मुलीचं वय विचारतील, बाबा. हमखास विचारतात."

"वय कशाला? वधू म्हण. वधू म्हटलं की झालं."

झालं म्हणे! ती वधू नववीत होती. तोंडाला जरा म्हणून उसंत नाही, म्हणून घरात तिला टिटवी म्हणायचे. लग्न ठरल्यापासून टिटवी गप्प होती, आणि घरच्यांनी त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणायला सुरुवात केली होती. वाचकहो, आपणही असंच म्हणत आलो आहोत.

शाळेतून नाव काढलेलं, तरी टिटवी कोपऱ्यात शाळेच्या स्कर्टला इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून ती वहिनीच्या मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, यात मी कुठे आहे?"

सुनेनं शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. कारखान्याच्याही खाली.

"सगळ्यात मोठी गोष्ट आधी लिहायची ना?" टिटवीनं विचारलं आणि ती परत इस्त्रीकडे गेली.

आपण सून, आपण कशाला मध्ये पडायचं, असं सून इतके दिवस मनाला बजावत होती. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर 'बाबांपुढे कोण बोलणार' म्हणून तो दुकानात निघून गेला होता. तिनं सगळा मजकूर खोडला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'नववीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न येत्या रविवारी तिच्या मनाविरुद्ध लावले जात आहे.' पुढे कायदा काय सांगतो ते. मग कपाटं, आणि त्याच शाळेतून काढलेलं तिचं नाव. मुलीचं नाव तिनं मुद्दाम गाळलं. संपर्कासाठी स्वतःचा नंबर घातला. अवतरणचिन्हांत कुणाचे तरी शब्द हवे होते. ती जागा तेवढी रिकामी राहिली.

तिनं ते अध्यक्षांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लग्न थांबवा, बाबा. मग मी हे पाठवणार नाही."

"लग्न होणार," अध्यक्ष म्हणाले. "आणि हे पाठवलंस तर या घरात तुला जागा नाही. घरातलं एक तरी माणूस आहे का तुझ्या बाजूनं?"

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"माझे शब्द घाल त्यात," त्या म्हणाल्या. "लिही. माझं लग्न झालं तेव्हा मी टिटवीएवढीच होते. मला वाटलं, संध्याकाळी परत आणून सोडतील."

अध्यक्ष बायकोकडे वळले. "हे कधी बोलली नाहीस."

"विचारलं कुणी?"

सुनेनं शब्दाला शब्द उतरवून घेतला, खाली 'मुलीची आई' असं लिहिलं आणि पत्रक पाठवून दिलं. अध्यक्ष नुसते सुनेच्या फोनकडे बघत होते.

फोन वाजला. बातमीदारीण होती.

"मुलीचं वय नक्की किती?" तिनं पहिलंच विचारलं.

सून उत्तर देणार तेवढ्यात टिटवीनं इस्त्री बंद केली, पुढे येऊन हात पसरला आणि फोन मागून घेतला.

"पंधरा," ती म्हणाली, आणि मग बोलतच राहिली.