कपाळावर १९८४

मी नारायणगावच्या जुन्या पेठेतली दुमजली इमारत बोलतेय. आधी वयाचं मिटवून घेऊ, कारण सगळी भानगड तिथंच झाली. बायका वय चोरतात म्हणे. मी कधी चोरलं नाही. माझं वय लोकांनीच चोरलं, आणि तेही थोडंथोडकं नाही, चांगली सत्तावन्न वर्षं! ते वेळेवर परत मिळालं म्हणून मी आज उभी आहे, नाहीतर या जागी तुम्हाला खड्डा दिसला असता.

मला बांधलं केवलचंद शेठच्या आजोबांनी. ते राजस्थानातून इकडं आले तेव्हा खांद्यावर कापडाचा गठ्ठा होता आणि मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढं मराठी आली, हिरड्याचा आणि धान्याचा व्यापार आला, मग मी आले. जोत्याला काळा घडीव दगड, दोन फुटी भिंती, समोर चार सागवानी खांब आणि वर नक्षीच्या कठड्याचा सज्जा. चुना मळायला पेठेच्या मागं बैल जुंपून घाणी फिरायची आणि रामनाथ गवंडी त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा. माझ्या भिंतींत गूळ आहे. स्वभाव गोड आहे तो त्यामुळंच.

काम संपलं तेव्हा वैशाख होता. रामनाथनं सज्जाच्या वर, माझ्या कपाळावर, चुन्यात वेलबुट्टी काढली आणि मधोमध माझं जन्मसाल उठवलं: वि. सं. १९८४. वि. सं. म्हणजे विक्रम संवत. शेठच्या घरात पत्रिका असो की पाटी, संवतच लिहिलं जाई. इंग्रजी कॅलेंडरात तेव्हा १९२७ चालू होतं, पण कॅलेंडर वाचायला पेठेत वेळ कुणाला होता?

दुकानाला तेव्हा शटर नव्हतं, अकरा फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला. सकाळी काढायच्या, संध्याकाळी ओळीनं खाचेत सरकवायच्या. क्रम चुकला की शेवटची फळी बसायची नाही आणि नवा नोकर घामाघूम व्हायचा. केवलचंद शेठ मात्र लहानपणापासून डोळे मिटून फळ्या लावायचे आणि वर गाणं म्हणायचे. आवाज बरा नव्हता, पण मी कधी तक्रार केली नाही.

दर दिवाळीला मला रंग लागायचा. रंगारी कामचुकार नव्हता, पण व्यवहारी होता. मोठ्या आकड्यांना तो लाल रंग द्यायचा. शेजारच्या बारक्या ‘वि. सं.’साठी वेगळा ब्रश कोण भिजवणार? त्यावर सरळ चुन्याचा हात. अशा साठ दिवाळ्या झाल्या. अक्षरं बुजून गेली आणि कपाळावर उरलं ते लालभडक १९८४.

आता संपतबद्दल सांगते. निमगाव साव्याचा संपत वडिलांबरोबर बाजरीची पोती घेऊन पेठेत यायला लागला तो इंग्रजी १९८५ नंतर; त्याआधी त्यांचा माल दुसऱ्या बाजारात जायचा. शेठ त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण दोघांचं सूत असं जमलं की बाजाराच्या दिवशी जेवण माझ्या पायऱ्यांवर एकत्रच व्हायचं. संपतची भाकरी आणि शेठच्या बायकोनं, कस्तुरबाईंनी केलेली पापडाची भाजी. अडचण एकच होती. शेठच्या घरी कांदा चालत नसे आणि संपतला कांद्याशिवाय भाकरी गिळत नसे. मग त्यावर तोड निघाली. शेठ वरच्या पायरीवर बसायचे, संपत एक पायरी खाली. त्यानं बुक्कीनं कांदा फोडला की शेठ तोंड फिरवायचे, आणि कांदा संपला की पुन्हा गप्पा सुरू.

पुढं शेठनी मंचरला कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. मला घ्यायला चारजण तयार होते. शेठ म्हणाले, “परक्याला देण्यापेक्षा संपतला देतो. तो सांभाळील.” ते साल होतं इंग्रजी १९९१. मी चौसष्ट वर्षांची होते आणि नुकताच रंग लावल्यामुळं बरी दिसत होते.

संपतनं खत-बियाण्यांचं दुकान थाटलं आणि पहिल्या दिवशी रस्त्यावर उभं राहून माझ्याकडं पाहिलं. “चौऱ्याऐंशीची बांधणी,” तो सोबतच्या माणसाला अभिमानानं म्हणाला. “सात वर्सांची हाय. नवीकोरी म्हना की!” पेठेतल्या जुन्या लोकांनी ऐकलं. त्यांना वाटलं, संपत चेष्टा करतोय. ते हसले. संपतला वाटलं, लोक जळतात.

त्या आषाढात मी गळले. चौसष्टीतली कौलं, गळणारच! पण खताच्या गोण्या भिजल्या आणि संपतच्या मनात एकदा जे बसलं ते बसलं. सात वर्षांची इमारत गळतेच कशी? शेठनी आपल्याला गंडवलं. मंचर जीपनं अर्ध्या तासावर. जायचं, विचारायचं, विषय मिटला असता. पण संपत गेला नाही. त्यानं कौलं बदलली, माझ्या कपाळावरच स्वतःच्या दुकानाची मोठी पाटी ठोकली आणि राग मनात ठेवला. शेठच्या मुलाच्या, पारसच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर यानं जीपवाल्याच्या हातून आहेर पाठवला. कस्तुरबाई गेल्या तेव्हा गेला, दोन मिनिटं टेकला आणि परत आला. शेठना वाटलं, संपत मोठा दुकानदार झाला, आपल्याला विसरला. माणसं विहिरीचं पाणी मोजतात, पावसाचे मिलिमीटर मोजतात, पण तोंड उघडून एक प्रश्न विचारायला त्यांना पस्तीस वर्षं पुरत नाहीत.

यंदा संपतनं ठरवलं की मला पाडायचं आणि तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं. जेसीबीवाल्याला सोमवारचा वार दिला. येईल त्याला सांगू लागला, “चाळीस वर्सांत तडे गेल्यात. बांधनाऱ्यानं निव्वळ फसवनूक केली.”

खरं सांगते, पडण्याचं मला एवढं वाटलं नाही. जो उभा राहतो तो कधीतरी पडतो. पण रामनाथ गवंड्यानं फसवणूक केली? ज्यानं माझा प्रत्येक दगड हातानं वाजवून बघितला, त्यानं? मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हाला आवाज असतो तो फक्त वाशांच्या करकरण्याचा, आणि ती करकर ऐकून संपत म्हणाला, “बगा, कशी वाजतीय!”

शुक्रवारी त्याची नात श्रेया पुण्याहून आली. ती आर्किटेक्चर शिकते. कॉलेजनं सांगितलं होतं, एका जुन्या बाजारी इमारतीची मापं घ्या, नकाशे काढा, इतिहास लिहा.

“आबा, मी आपलंच दुकान करते. सोमवारच्या आत.”

“त्येचा कसला इतिहास? तुज्या बापाहून धाकटी हाय ती.”

“पण टेप धरायला कुणीतरी पाहिजे ना.”

नातीपुढं कुणाचं चालतं? संपत कुरकुरत टेपचं एक टोक धरून उभा राहिला. पस्तीस वर्षं तो माझ्या पोटात वावरला, पण मला नीट बघितलं ते त्या दिवशी. मला गुदगुल्या होत होत्या. श्रेया कोपऱ्याकोपऱ्यात शिरली, माळ्यावर चढली. तिथं तिला फळ्या सापडल्या. पण दहाच. सातवी कुठं गेली म्हणून शोधाशोध झाली, तर संपत ज्या बाकावर रोज बसतो तो बाक म्हणजे सातवी फळी आणि खाली चार विटा.

“आबा, भिंत दोन फूट जाड आहे.”

“शेठ लोकांना चोराचं भ्या आसतं.”

“आणि गिलाव्यात सिमेंट नाही. सगळा चुना आहे. चौऱ्याऐंशी साली चुन्यात कोण बांधत होतं?”

संपतनं नखानं गिलावा खरवडून बघितला. “स्वस्तात पडलं आसंल,” तो म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

शनिवारी श्रेयानं पाटीची एक बाजू सोडवली, शिडी लावली आणि जुना टूथब्रश घेऊन माझं कपाळ घासायला लागली. चुन्याचा एकेक पापुद्रा सुटत गेला. इतक्या वर्षांनी तिथं वारा लागला, काय सांगू किती बरं वाटलं!

“आबा! १९८४ च्या आधी काहीतरी लिहिलंय. ‘वि. सं.’ म्हणजे काय हो?”

माझा जीव भांड्यात पडला. सुटले एकदाची, असं म्हणणार तोच संपतचा चेहरा लालबुंद झाला.

“विक्री संघ!” तो गरजला. “खरेदी-विक्री संघातला विक्री संघ! म्हंजे शेठनी संघाचं जुनं गोडाऊन माज्या गळ्यात मारलं? आता मात्र लई झालं!”

घ्या. सुटायच्या ऐवजी मी गोडाऊन झाले. पण देव कुणाच्या रूपानं येईल सांगता येत नाही. माझ्याकडं तो विक्री संघाच्या रूपानं आला, कारण जे संपतनं पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते त्या रागात केलं. त्यानं शेठना फोन लावला. “शेठ, आत्ताच्या आत्ता या. समोरासमोर बोलायचंय.”

तासाभरात पारसची गाडी दारात थांबली आणि केवलचंद शेठ काठी टेकत उतरले. ब्याऐंशी वर्षांचे झालेत, पण त्यांना बघून माझे खांब ताठ झाले.

“काय झालं, संपत? घरी सगळे बरे आहेत ना?” त्यांचा चेहरा घाबरलेला होता.

“त्ये ऱ्हाऊ द्या. ह्ये काय लिवलंय? तुमी मला संघाचं गोडाऊन का इकलं?”

शेठनी वर बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. आणि मग ते असे हसत सुटले की पारसला गाडीतून पाण्याची बाटली आणावी लागली.

“अरे राव, विक्री संघ कुठला? विक्रम संवत! आमच्या आजोबांनी बांधली ही. संवत चौऱ्याऐंशी. संवत इंग्रजी सालाच्या सत्तावन्न वर्षं पुढं असतं.”

श्रेया शिडीवरच होती. तिनं तिथूनच हिशोब केला. “सत्तावन्न वजा... आबा, १९२७! ही नव्याण्णव वर्षांची आहे!”

संपतनं माझ्याकडं बघितलं. तेच तडे, तीच भिंत, तीच करकर. पण चाळिशीत तडे जाणं वेगळं आणि शंभरीच्या उंबऱ्यावर फक्त एवढेच तडे असणं वेगळं. ते त्याच्या डोळ्यांत उतरताना मला दिसलं.

“म्हंजे मी घेतली तवा...”

“चौसष्ट वर्षांची होती. म्हणून तर म्हटलं होतं, पावसाच्या आत कौलं बघून घे.”

“म्हनला व्हता,” संपत हळूच म्हणाला. “मला वाटलं, समदेच म्हंत्यात तसं.” मग त्यानं मान खाली घातली. “शेठ, मी पारसच्या लग्नाला न्हाई आलो. मला वाटायचं, तुमी फसवलं.”

शेठचं हसू थांबलं. “पस्तीस वर्षं माझ्यावर रागावलास,” ते म्हणाले, “आणि मला कळवलंसुद्धा नाहीस! अरे, विचारायचं तरी.”

“काय इचारायचं? लिवल्यालं व्हतं की वर!”

शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संपत बाह्यांनी डोळे पुसत होता, आणि कस्तुरबाईंचं नाव कुणीच काढलं नाही, पण ते दोघांच्याही मनात होतं हे मला कळलं. पापडाची भाजी त्या दोघांइतकीच माझ्याही ओळखीची.

मग संपतनं जेसीबीवाल्याला फोन केला. “भाऊ, सोमवारी नगा येऊ.”

“मग कधी येऊ?”

“शंभर वर्सांनी!”

या गोष्टीला आता तीन महिने झाले. कॉम्प्लेक्सचं भूत पूर्ण उतरलेलं नाही, पण ते मागच्या मोकळ्या जागेत गेलं आहे, आणि श्रेयाच्या सरांनी येऊन तडे चुन्यानं कसे भरायचे ते दाखवलं. तिचा नकाशा काचेत लावून दुकानात टांगला आहे. सातवी फळी बाकातून सुटून आपल्या बहिणींत आली. पाटी दोन हात खाली सरकली. या वेळी रंग द्यायला संपत स्वतः शिडीवर चढला आणि शेठ खालून काठी दाखवत ओरडत होते, “आकडे राहू दे! आधी अक्षरं रंगव, अक्षरं!”

दर शनिवारी शेठ येतात. दुपारी दोघं पायऱ्यांवर जेवायला बसतात. पहिल्या शनिवारी संपतनं खिशातून कांदा काढला, शेठकडं बघितलं आणि एक पायरी खाली सरकला. शेठनी तोंड फिरवलं. बुक्की बसली. त्या आवाजानं माझ्या नव्याण्णव वर्षांच्या दगडांना जे सुख झालं, ते कुठल्याही नकाशात येणार नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या कपाळावरचं वाचून मनात काही धरलं असेल, तर अर्ध्या तासाची जीप पकडा आणि विचारून या. आणि पुढच्या वैशाखात माझी शंभरी आहे, सगळ्यांनी जेवायला यायचं. नेमक्या कुठल्या तारखेला, ते मात्र पायरीवरच्या दोघांना विचारू नका. एक संवतानं मोजतो, दुसरा कॅलेंडरानं, आणि त्यांचं भांडण पुन्हा छान सुरू झालं आहे.