सिसवाटोलच्या लेकी

नेपाळात आषाढ संपला की सरकारी वर्ष संपतं. जनकपूरच्या कचेरीत सगळ्या स्टेशनांचे आकडे जातात आणि वर्षभर किती माणसांची वाहतूक झाली ते वर कळतं. यंदा सिसवाटोल हॉल्टला कागद आला होता : वर्षाला तीन हजार तिकिटं झाली नाहीत तर गाडी इथे थांबणार नाही.

हॉल्टचे कारकून बौएलाल कर्ण यांनी तीनदा बेरीज केली. दोन हजार सहाशे चाळीस. ही छोटी गाडी भारतातल्या जयनगरहून सीमा ओलांडून यायची तेव्हा टपावरसुद्धा माणसं लोंबकळत असायची, मग आकडा कमी कसा? दोष त्यांचा स्वतःचाच होता. गावच्या निम्म्या लेकी सीमेपलीकडे दिलेल्या. माहेरी येणाऱ्या लेकीला सिसवाटोलला तिकीट विचारायचं नाही, ही रीत कर्णबाबूंनी वीस वर्षं मोठ्या अभिमानाने पाळली होती. गार्डही तिकडे काणाडोळा करायचा. पण तिकीट नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती बाई आलीच नाही.

"झालं समाधान? लेकींना फुकट आणलंत, आता गाडीच जातेय," त्यांची बायको रंभा म्हणाली.

लेकींच्या फुकट फेऱ्या लिहून घ्यायला कर्णबाबू वही घेऊन दारोदार फिरले. बायका सणांवरून हिशेब सांगू लागल्या. छठला एकदा, जुडशीतलला एकदा, बाळंतपणाला एकदा.

"माझी चारदा आली," झुनियाकाकी म्हणाली. "त्यात एकदा नवऱ्यावर रुसून आली. ती धरायची का?"

"धरा की, काकी. सरकारला रुसवा कळत नाही."

"आणि नवरा न्यायला आला तो?"

"त्याचं तिकीट घेतलंय मी. जावयाला सूट नाही!"

दोन दिवसांत पाचशे सात फेऱ्या भरल्या. रात्री जेवताना रंभाने विचारलं, "आपल्या विभाच्या किती?"

"दोन. त्या तिकिटांतच आल्यात. कारकुनाची पोर फुकट आली तर लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नव्हते. तिची सासू मात्र म्हणाली, 'बापाच्या स्टेशनावर तुला किंमत नाही.' म्हणून दोनदाच आली ती." रंभाने ताट सारलं. "गावच्या लेकींना माहेर दिलंत आणि आपल्या पोरीला स्टेशन."

 

दुसऱ्या दिवशी कर्णबाबू यादी घेऊन जनकपूरच्या कचेरीत गेले. तिथल्या दिगंबर झा साहेबांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"कर्णजी, हे दाखल केलं तर हॉल्ट राहील. पण पाचशे सात जण विनातिकीट सोडले असं तुम्हीच लिहून देताय. तुम्ही राहणार नाही. फाडून टाकू?"

 कर्णबाबूंच्या नोकरीची चारच वर्षं उरली होती.

"नको, साहेब. आलेल्या बाया आल्याच नाहीत असं कसं लिहू?"

हॉल्ट राहिला. कर्णबाबू घरी बसले. नवा कारकून आला आणि तो सगळ्यांचंच तिकीट मागू लागला. बायांनी नव्याला शिव्या दिल्या, थोड्या जुन्यालाही दिल्या.

छठला विभा येणार असल्याचा निरोप आला. कर्णबाबू फलाटावर जाऊन उभे राहिले. वीस वर्षं त्यांनी इथे गाड्या घेतल्या, पण कुणाची वाट बघत असे कधी उभे राहिले नव्हते. हातांचं काय करावं तेच त्यांना कळेना.

गाडी थांबली. नवा कारकून तिकिटं घ्यायला पुढे आला. कडेवर मूल आणि हातात बोचकं सांभाळत विभा उतरली, वडिलांना बघून थबकली आणि सवयीने तिने पदराची गाठ सोडून तिकीट त्यांच्यापुढे धरलं.

"ते त्याला दे, बाळ," कर्णबाबू बोचकं घेत म्हणाले. "मी नुसता तुला न्यायला आलोय."