मला उलटं कोणी लावलं?

मी एक जुना हुक आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की लोखंडाच्या तुकड्याला एवढा कसला राग. मित्रांनो, जीपच्या मागे ट्रेलर ओढायचा असेल तर दोघांच्या मधे माझ्यासारखा कोणीतरी लागतो. जीपच्या बंपरखाली एक चौकोनी नळी असते. माझा दांडा त्या नळीत सरकतो आणि आडवी पिन घातली की मी पक्का होतो. दुसऱ्या टोकाला माझ्या डोक्यावर एक लोखंडी गोळा आहे. ट्रेलरच्या दांड्याला उपडी वाटी असते, ती या गोळ्यावर येऊन बसते. बाकी कोणी कितीही मिरवो, चढावर सगळी ओढ माझ्या मानेवर येते.

माझा जन्म फिटरकाकांच्या दुकानात झाला. मला करून घेतलं ते ताईने. ताईचा धंदा मधमाश्यांचा. खालच्या माळावरचा फुलोरा संपला की ती माश्यांच्या पेट्या ट्रेलरमध्ये भरून वरच्या उतारांवर नेते, कारण तिथली फुलं तेव्हा नुकती उमललेली असतात. रस्ता कसला, दगडधोंड्यांची वाट. मधे एक ओढा आणि पुढे अंगावर येणारा चढ.

दुकानात येण्याआधी ताईने घरी काय केलं ते ऐका. तिने ट्रेलर अंगणात विटांवर टेकवला, वर लेव्हलची पट्टी ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत विटा सरकवत राहिली. ट्रेलर असा सपाट असताना त्याची वाटी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. मग जीपची नळी किती उंच आहे ते मोजलं. नळी वाटीपेक्षा वीतभर वर निघाली.

"काका, हुक वीतभर खाली उतरता हवा," ती म्हणाली. "पण पेट्या भरल्या की जीप मागून दोन बोटं बसते. तेवढं कमी करा."

"हे कशाला हवं एवढं?" काकांनी विचारलं. "जोडलं की झालं ना!"

"झालं कसं? नाक वर गेलं तर ट्रेलर मागे झुकणार, सगळ्या पेट्या शेपटाकडे सरकणार, आणि मग तो असा डुलायला लागतो की जीपलाच ओढून नेईल. नाक खाली गेलं तर जीपचं ढुंगण दबणार आणि स्टिअरिंग हलकं पडणार. माझ्या माश्या आत असतात, काका. पोती नाहीत ती."

काकांनी मग निमूटपणे लोखंड तापवलं आणि मला ताईच्या मापाने वाकवलं. मी खाली उतरता झालो तो असा. माझा बाक हा दोष नाही, मित्रांनो, तेच माझं काम आहे. हे नीट लक्षात ठेवा.

पुढची कितीतरी वर्षं मी सुखात काढली. ताई मला ग्रीस लावायची. ट्रेलर नसेल तेव्हा पिन काढून मला जीपमध्ये सीटखाली ठेवायची, कारण मी खाली लोंबतो आणि मोकळ्या गाडीला उगाच दगडांवर घासतो. चढ संपला की ती थांबायची, पेट्यांना कान लावायची, आतली गुणगुण ऐकायची आणि म्हणायची, "सगळ्या खूश आहेत. शाबास रे!" हे शाबास मला असायचं की जीपला, ते मला माहीत नाही. मी ते माझंच धरलं.

आता त्या माणसाकडे येतो. ताईचा धाकटा भाऊ. त्याला सगळे हिरो म्हणतात आणि त्याला ते खरं वाटतं. जीप वडिलांची, म्हणून दोघांची. ताई जीप कामापुरती न्यायची आणि हिरो उरलेल्या वेळात दोस्तांना घेऊन दगडांवर चढवायचा. एकदा त्याने ताईला न विचारता जीपला स्प्रिंगचे उंच पाटे आणि हे एवढाले टायर बसवले. जीप उंटासारखी उभी राहिली. नळी आणखी वर गेली आणि माझं माप तिथेच चुकलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड आहे कुठे?

वर हा शहाणा मला गाडीतून काढायलाही विसरला. तसाच ओढ्याकडे गेला. गाडी दगडावरून खाली उतरली आणि मी खडकावर असा घासलो की ठिणग्या उडाल्या. दोस्त पोट धरधरून हसले.

"अरे हिरो, पोट एवढं उंच केलंस आणि शेपूट लोळतंय की!" त्यातला एक म्हणाला.

हिरोचं तोंड उतरलं. मला पिन काढून आत ठेवायचं, एवढंच तर करायचं होतं. लहान पोरालाही सुचलं असतं. पण याने काय केलं? पाना घेतला, गोळा खोलला, मला पालथं फिरवून पुन्हा नळीत घातलं आणि गोळा माझ्या दुसऱ्या अंगाला पिळून बसवला. जो बाक खाली जायचा तो वर गेला. जिथे मी वीतभर खाली असायचो तिथे वीतभर वर जाऊन बसलो.

"बघा, आता कुठे घासेल?" तो दोस्तांना म्हणाला.

मित्रांनो, तुम्हाला कोणी पाय वर करून उभं केलं आणि म्हटलं, आता पळ, तर कसं वाटेल? मी तेव्हाच दातओठ खाल्ले. माझा पहिला सूड मी त्याच दिवशी घेतला, आणि त्यात मला काही करावंही लागलं नाही. हिरोने मला नेमकं त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर आणून ठेवलं होतं. मोबाइलवर बोलत तो जीपच्या मागून वळला आणि खाडकन माझ्यावर आदळला. "आई गं!" करत एका पायावर नाचला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तेवढ्याने माझं पोट भरणार नव्हतं.

मग पेट्या वर न्यायचे दिवस आले. ताई आदल्या दिवशीच वर जाऊन जागा साफ करत होती, म्हणून तिने पेट्यांची पहिली खेप हिरोला आणायला सांगितली. दुसरी खेप ती स्वतः नेणार होती. उंच झालेल्या जीपला ट्रेलर जोडून तिने अजून पाहिलाच नव्हता. फुलोरा थोड्याच दिवसांचा असतो. तो चुकला तर त्या वर्षी मध नाही, आणि मधावरच ताईचं घर चालतं.

पहाटे, माश्या आत असताना, पेट्यांच्या तोंडांना जाळ्या लावून हिरो निघाला. ट्रेलरने नाक आभाळात खुपसलं होतं. कोणीही पाहिलं असतं तर दिसलं असतं, पण हिरो आरशात स्वतःलाच बघत होता. चढावर पेट्या मागे सरकल्या. ट्रेलर डुलायला लागला. मागच्या वजनाने वाटी मला वर उचलू लागली, जीपची मागची चाकं हलकी झाली आणि घसरली. मी तरी जीव तोडून धरून ठेवलं. मी सुटलो नाही, मित्रांनो, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण ट्रेलरचं मागचं फळकूट तुटलं आणि पेट्या एकामागून एक घळीत कोसळल्या.

पोळी चिरडली. माश्या खवळून बाहेर आल्या आणि हिरोवर तुटून पडल्या. त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. नाही झाला. डंख मारला की मधमाशी जगत नाही. त्या एका तोंडापायी किती जणी मेल्या! वाचलेल्या बिचाऱ्या फुटक्या पेट्यांभोवती घोंगावत राहिल्या. ताई वरून धावत आली. ती ओरडली नाही, चिडली नाही. घळीत उतरून नुसती बसून राहिली.

"ताई, माझी काही चूक नाही गं," सुजलेल्या ओठांनी हिरो म्हणाला. "तो हुकच वाकला. किती जुना झाला होता!"

आपापल्या पेट्या घेऊन वर जमलेल्या माशीवाल्यांनाही त्याने हेच सांगितलं. घरी आल्यावर मला नळीतून उपसून गोठ्यामागे भिरकावलं. गोगलगायी माझ्यावरून फिरल्या, पावसाने गंज चढला. ज्या चढावर मी जीव पणाला लावला, त्याच चढाचं पाप माझ्या नावावर! हिरो शीळ वाजवत समोरून जायचा आणि मी मनात म्हणायचो, थांब बेट्या, तुझा हिशोब व्हायचाय.

थोड्याच दिवसांनी दुसऱ्या खेपेसाठी ताई जीप बघायला आली आणि तिने मला शोधून काढलं. वाकलेला भाग पाहावा म्हणून तिने मला सपाट फरशीवर ठेवलं. काकांनी दिलेल्या बाकाखेरीज मी कुठेही वाकडा नव्हतो. मग तिचं लक्ष गोळ्याकडे गेलं. हिरो तो परत फिरवायला विसरला होता.

"हिरो, इकडे ये," तिने हाक मारली. "हा गोळा या अंगाला कसा?"

"कसा म्हणजे? असेल तसाच."

"हा हुक माझ्या मापाने केलाय. याचा गोळा कुठे होता ते मला झोपेतही सांगता येईल. तू हा उलटा लावलास?"

हिरोने आधी आभाळाकडे पाहिलं, मग चपलांकडे. "ओढ्यात घासत होता गं. दोस्त हसले. मला काय माहीत एवढं होईल!"

"आणि वर सगळ्यांना सांगितलंस की हुक वाकला!"

ताईने जीपची नळी मोजली आणि कपाळावर हात मारला. मला सरळ लावलं तरी आता मी पुरणार नव्हतो.

"मग दुसरा लांब हुक करू ना," हिरो घाईघाईने म्हणाला.

"एवढा लांब लोंबता हुक ओढ्यातल्या पहिल्याच दगडाला अडकेल. नाही. हुक आहे तसाच राहील. गाडी खाली येईल. टायर काढ, पाटे काढ. आज, आत्ता, आणि तू स्वतः."

मित्रांनो, तो दिवस मी कधी विसरणार नाही. हिरोचे तेच दोस्त कुंपणावर बसून शेंगा खात बघत होते आणि हा जीपखाली घामाघूम होऊन आपल्या हाताने आपला तोरा उतरवत होता. जीप हळूहळू खाली आली, माझ्या मापाला आली. मला घासूनपुसून ग्रीस लावलं, सुलटं बसवलं, ट्रेलरला नवं फळकूट ठोकलं. बुडबुडा मधोमध आला.

उरलेल्या पेट्या ताईने स्वतः वर नेल्या. फुलं अजून होती. एकही पेटी हलली नाही. वर पोहोचल्यावर तिने सगळ्या माशीवाल्यांना हाक मारली आणि भावाला पुढे केलं.

"सांग यांना."

"हुक वाकला नव्हता," हिरो पुटपुटला.

"मोठ्याने."

"मीच उलटा लावला होता! आणि खोटं बोललो!"

तुम्ही विचाराल, मग तू त्याला माफ केलंस ना? नाही केलं. ताईने केलं असेल, ती बहीण आहे. त्या घळीतल्या माश्या परत आल्या तर मी विचार करीन. तोवर तुम्हाला एवढंच सांगणं आहे की आमच्यासारख्यांना लावण्याआधी नीट मोजा, काम नसेल तेव्हा काढून ठेवा, आणि आपण घातलेला गोंधळ मुक्या लोखंडाच्या माथी मारू नका.

ताईने आता घरात नियमच केलाय. ट्रेलर निघण्याआधी उंची हिरोनेच तपासायची. पट्टी ट्रेलरच्या दांड्याला खालच्या अंगाने लावतात, उभ्याने ती दिसत नाही. म्हणून दर खेपेला तो पट्टी घेऊन माझ्यासमोर मातीत उकिडवा बसतो, मान खाली घालतो आणि बुडबुडा स्थिर व्हायची वाट बघतो. माझी तर इच्छा असते की त्या बुडबुड्याने मुळीच घाई करू नये.